५४ मतं मिळूनही ठराव पडतो तेव्हा

१७ एप्रिल २०१३. अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका दुरुस्तीवर मतदान झालं. बाजूने ५४ मतं, विरोधात ४६. आणि दुरुस्ती पडली.

आकडे उलटे छापले गेलेले नाहीत. चारच महिन्यांपूर्वी कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत एक बंदूकधारी तरुण शिरला होता. त्याने २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची होती. त्यानंतर डेमोक्रॅट पक्षाचे जो मँचिन आणि रिपब्लिकन पक्षाचे पॅट टूमी एकत्र बसले. दोघेही बंदूक बाळगण्याच्या हक्काचे समर्थक. त्यांची मागणी माफक होती: बंदुकांच्या प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर जाहिरात देऊन बंदूक विकली जात असेल, तर घेणाऱ्यावर गुन्ह्यांची नोंद आहे का ते आधी तपासा. शंभरपैकी ५४ जणांना हे पटलं. पण लागत होती ६० मतं. वर प्रेक्षकांच्या सज्जात गोळीबारात आपलं माणूस गमावलेली कुटुंबं बसली होती. त्यांनी हा निकाल तिथेच ऐकला.

६० हा आकडा अमेरिकेच्या राज्यघटनेत कुठेही नाही. तो सिनेटच्या स्वतःच्या कामकाज-नियमांतून आला आहे आणि त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे तिला फिलिबस्टर म्हणतात. तो ठेवावा, दुरुस्त करावा की काढूनच टाकावा, हा वाद तिथे कित्येक दशकं चालू आहे. वरवर हा नियमांच्या पुस्तकातला रुक्ष वाद दिसतो. पण काळ्या लोकांचे नागरी हक्क, आरोग्यविमा, परदेशातून आलेल्यांचं भवितव्य, सरकारी नोकरांचा पगार, हे सगळं याच एका दारातून जातं. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

दार कुणासाठी आणि किती हातांनी उघडतं

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहं. प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असतात, लोकसंख्येच्या प्रमाणात. सिनेटमध्ये १००, प्रत्येक राज्याचे दोन, मग राज्य केवढंही असो. कायदा व्हायचा तर विधेयक दोन्हीकडे मंजूर व्हावं लागतं आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते.

विधेयक मंजूर करायला सिनेटमध्येही साधं बहुमतच पुरतं. ५० विरुद्ध ५० झाले तर उपराष्ट्राध्यक्ष मत देतात. गोम आहे ती त्याच्या आधीच्या पायरीत. प्रतिनिधिगृहात प्रत्येक चर्चेला घड्याळ लावलेलं असतं. सिनेटमध्ये एरवी तसं घड्याळ नाही. चर्चा संपल्याशिवाय मतदान घेता येत नाही आणि कुणाला बोलायचं असेल तर चर्चा संपत नाही. ती संपवायचीच असेल तर 'क्लोचर' नावाचा ठराव आणावा लागतो आणि त्याला ६० मतं लागतात. म्हणजे गाभाऱ्यात दर्शनाला ५१ जण पुरेत, पण महाद्वाराचं कुलूप काढायला ६० हात हवेत. ४१ जणांनी नकार दिला की विधेयक हरत नाही, नुसतं ताटकळत राहतं.

चर्चा लांबवून किंवा लांबवण्याची धमकी देऊन मतदान रोखणं म्हणजे फिलिबस्टर. हा शब्द मुळात समुद्री लुटारूंसाठी होता. डच भाषेतून स्पॅनिशमार्गे तो इंग्रजीत आला आणि एकोणिसाव्या शतकात सभागृह ओलीस धरणाऱ्यांना चिकटला.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्याकडचा अडथळा वेगळ्या जातीचा आहे. आपले विरोधक घोषणा देतात, अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात, सभात्याग करतात, कामकाज तहकूब होतं. पण साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत मिळालं की ते मंजूर होतं. चर्चा पुरे झाली असा ठरावही साध्या बहुमताने होतो. अर्थसंकल्पाच्या वेळी तर उरलेल्या खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून चर्चेविनाच मंजूर केल्या जातात. आपल्या विरोधकांकडे आवाज असतो, आकड्यांचं हत्यार नसतं. सिनेटमध्ये नेमकं उलट आहे. तिथे हल्ली कुणी आवाजही काढत नाही आणि विधेयक अडतं.

कुणी न ठरवलेला नियम

घटनाकारांनी मुद्दाम अल्पमताला हे हत्यार दिलं, असं फिलिबस्टरचे समर्थक अनेकदा सांगतात. इतिहास तसं सांगत नाही. विशेष बहुमत कुठे लागेल ते घटनेत मोजून लिहिलेलं आहे: परराष्ट्रांशी तह, महाभियोगात दोषी ठरवणं, सदस्याची हकालपट्टी, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून काढणं, घटनादुरुस्ती. साधे कायदे त्या यादीत नाहीत. घटनेच्या आधीच्या व्यवस्थेत मोठ्या निर्णयांना १३ पैकी ९ राज्यांची संमती लागायची आणि देश ठप्प व्हायचा. ते अनुभवलेल्या घटनाकार अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेच्या २२व्या निबंधात बजावून ठेवलं होतं की, थोड्यांच्या हाती बऱ्याच जणांना रोखण्याची किल्ली दिली तर देशाचा कारभार थोड्यांच्या मर्जीवर चालेल.

मग हे आलं कुठून? नियमांच्या साफसफाईतून. सिनेटच्या जुन्या नियमांत चर्चा थांबवून मतदानाकडे वळण्याचा एक ठराव होता. १८०५ मध्ये मावळते उपराष्ट्राध्यक्ष एरन बर यांनी निरोपाच्या वेळी सुचवलं की नियम फार झालेत, हा ठराव कुणी फारसा वापरतही नाही. १८०६ मध्ये नियम नव्याने लिहिताना तो गळाला. याच बर यांनी १८०४ मध्ये द्वंद्वात हॅमिल्टन यांना गोळी घातली होती. प्रतिनिधिगृहाने तो ठराव ठेवला आणि पुढे त्याच्याच जोरावर चर्चेला लगाम घातला. सिनेटच्या हातून लगामच निसटला. तो निसटल्याचं लक्षात यायला तीसेक वर्षं गेली, कारण त्याआधी कुणी मुद्दाम अडवून धरलंच नव्हतं.

१९१७ मध्ये पहिल्यांदा कळ असह्य झाली. महायुद्ध चालू होतं, जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना अमेरिकी व्यापारी जहाजांवर तोफा बसवायच्या होत्या. डझनभर सिनेटरांनी अधिवेशन संपेपर्यंत बोलून ते विधेयक मारलं. विल्सन यांनी त्यांना मूठभर हट्टी माणसं म्हणून जाहीर फटकारलं. त्यानंतर काही दिवसांतच, ८ मार्च १९१७ रोजी, सिनेटने २२ क्रमांकाचा नियम केला: दोन तृतीयांश मतांनी चर्चा संपवता येईल. १९७५ मध्ये ही अट तीन पंचमांशांवर, म्हणजे ६० वर आली. आजचा आकडा इतका अलीकडचा आहे.

बोलण्याची किंमत कुणी मोजली

फिलिबस्टर म्हटलं की अमेरिकी माणसाच्या डोळ्यांसमोर रात्रभर उभं राहून बोलणारा एकाकी सिनेटर येतो. लुइझियानाचे ह्यूई लाँग १९३५ मध्ये साडेपंधरा तास बोलले आणि त्यात तळलेल्या कालवांची पाककृतीही सांगून झाली. ही गंमत सगळ्यांना आठवते. पण विसाव्या शतकात हे हत्यार सातत्याने कशासाठी वापरलं गेलं ते पाहिलं की गंमत उरत नाही.

१९२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने लिंचिंगविरोधी विधेयक मंजूर केलं. काळ्या माणसाला जमावाने पकडून फासावर लटकवणं हा केंद्रीय गुन्हा ठरवायचा होता. सिनेटमधल्या दक्षिणेच्या सदस्यांनी फिलिबस्टर करून ते मारलं. पुढेही अशी विधेयकं आली आणि तिथेच अडली. असा केंद्रीय कायदा झाला २०२२ मध्ये, त्या विधेयकानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्याला एमेट टिल याचं नाव दिलेलं आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत मारला गेला तेव्हा तो १४ वर्षांचा होता. या शंभर वर्षांचा सगळा दोष एकट्या फिलिबस्टरचा नाही. वंशद्वेष नियमातून जन्मत नाही. पण त्या द्वेषाला राष्ट्रीय बहुमताच्या वाटेवर नाकाबंदी करायला जागा मिळाली ती याच नियमामुळे.

१९५७ मध्ये साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थरमंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. विधेयक तरीही मंजूर झालं, पण त्याआधीच वाटाघाटींत त्याचे दात काढले गेले होते. आज सुधारणेची चर्चा करणाऱ्यांनी खरं तर लक्षात ठेवायला हवा तो १९६० चा प्रसंग. सिनेटमधले बहुमताचे नेते लिंडन जॉन्सन यांनी ठरवलं की दक्षिणेच्या सदस्यांना बोलायचंच असेल तर रात्रंदिवस बोलू द्या, दमतील. सिनेटच्या इमारतीत खाटा टाकल्या गेल्या. झालं उलटंच. दक्षिणेच्या अठरा जणांनी पाळ्या लावल्या. एक बोलायचा, एखादा सोबतीला थांबायचा, बाकीचे घरी झोपायचे. मग मध्यरात्री कधीतरी त्यांच्यातला कुणी उठून गणपूर्ती आहे का असं विचारायचा आणि कामकाज चालू ठेवण्यासाठी ५१ सदस्य हजर करायची जबाबदारी कुणाची? बहुमताची. खाटांवर झोपून, डोळे चोळत धावत यायचे ते विधेयकाचे समर्थक. दमले तेच.

म्हणजे जुन्या काळी अडवणाऱ्याला घाम गाळावा लागायचा, ही समजूत अर्धीच खरी आहे. सुधारणेचा मुद्दा मला इथेच सापडतो, त्याकडे मी पुढे येईन.

मग बोलणंही संपलं

१९७० च्या सुमाराला सिनेटच्या नेत्यांनी एक व्यवहारी तोड काढली. एका विधेयकावर फिलिबस्टर चालू असेल तर ते बाजूच्या रुळावर ठेवायचं आणि मुख्य रुळावरून दुसरं काम पुढे न्यायचं. हेतू चांगला होता, एका भांडणापायी सगळं सभागृह बंद पडू नये. पण त्यामुळे अडवणाऱ्याला उभं राहून बोलण्याचीही गरज उरली नाही. आमचा विरोध आहे एवढं कळवलं की विधेयक बाजूच्या रुळावर जातं आणि बहुतेक वेळा तिथेच गंजतं. भाषण नाही, कारण सांगणं नाही, कॅमेऱ्यासमोर येणं नाही.

जे फुकट झालं ते भरमसाट वापरलं गेलं. १९५० आणि ६० च्या दशकांत काँग्रेसच्या दोन वर्षांच्या एका कार्यकाळात क्लोचरचे ठराव बोटांवर मोजता येतील एवढे येत. २०२१-२२ मध्ये ते ३०० च्या वर गेले. यातले बरेच नेमणुकांबद्दलचे आहेत, त्यामुळे सगळेच विधेयकं अडवण्याचे प्रसंग धरता येणार नाहीत. तरी अपवादाचा शिरस्ता झाला हे उघड आहे.

या शांत अडवणुकीची झळ आपल्याच माणसांनीही सोसली आहे. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात एच-वन-बी व्हिसावर राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत, कारण नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. ती हटवणारं विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा दणदणीत मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्षांची मतं होती. सिनेटमध्ये ते सर्वसंमतीने पुढे न्यायचा प्रयत्न झाला. एकाने हरकत घेतली, ती मिटली तर दुसऱ्याने घेतली. सर्वसंमती म्हणजे एकाचीही ना नको आणि एकाची ना ओलांडायची तर क्लोचर, त्याची ६० मतं आणि कित्येक दिवसांचा वेळ. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये बदललेल्या रूपात ते सिनेटमधून गेलं. तोवर दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळवायला वेळच उरला नव्हता आणि जानेवारीत काँग्रेसचा तो कार्यकाळ संपल्यावर विधेयकही संपलं. हरकत घेणाऱ्यांच्या काही शंका रास्त होत्या, इतर देशांच्या अर्जदारांचं काय हा प्रश्न खराच आहे. पण त्यांची उत्तरं उघड चर्चेत आणि मतदानात मिळायला हवी होती. ती रांगेतल्या माणसांना कधी ऐकायलाच मिळाली नाहीत.

भिंतीला पडलेली दोन भगदाडं

फिलिबस्टर आज अखंड नाही. पहिलं भगदाड पैशाचं आहे. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यात रिकन्सिलिएशन नावाची वाट आहे. कर, खर्च आणि कर्जमर्यादा यांच्याशी निगडित विधेयकाला तिथे २० तासांची चर्चामर्यादा असते, म्हणून ते साध्या बहुमताने मंजूर होतं. त्यात भलतंसलतं घुसडू नये म्हणून सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाचा नियम आहे आणि काय बसतं, काय बसत नाही याचा सल्ला पार्लमेंटेरियन नावाच्या, कुणीही निवडून न दिलेल्या अधिकारी देतात. २०१७ ची करकपात या वाटेने गेली, २०२१ ची कोविड मदत गेली, २०२५ चा ट्रम्प यांचा मोठा कर-खर्च कायदा गेला. २०२१ मध्ये किमान वेतन ताशी १५ डॉलर करायचं कलम मात्र बसत नाही म्हणून बाहेर पडलं. स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा देण्याचे प्रस्तावही त्याच वर्षी एकामागून एक असेच बाहेर पडले.

परिणाम काय, तर श्रीमंतांचा कर कमी करायला ५१ मतं पुरतात आणि मतदानाचा हक्क जपायला ६० लागतात. हा फरक विचार करून कुणी ठरवलेला नाही, नियमांच्या खाचाखोचांतून तो आपोआप तयार झाला. मला फिलिबस्टरविरुद्धचा हा सर्वांत जड मुद्दा वाटतो.

दुसरं भगदाड नेमणुकांचं. रिपब्लिकनांनी ओबामांच्या न्यायाधीशांच्या नेमणुका अडवल्या म्हणून २१ नोव्हेंबर २०१३ रोजी डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी सर्वोच्च न्यायालय वगळता सर्व नेमणुकांसाठी ६० ची अट काढली. मग एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी सर्वोच्च न्यायालयासाठीही ती काढली आणि नील गोर्सच तिथे जाऊन बसले. आता तहहयात बसणारा न्यायाधीश ५१ मतांनी नेमता येतो. तो ज्या कायद्यांचा अर्थ लावणार ते कायदे करायला मात्र ६०.

हे त्यांनी केलं कसं? नियमबदलावरची चर्चा थांबवायला तर दोन तृतीयांश मतं लागतात. पण नियम न बदलता त्याचा अर्थ बदलता येतो. बहुमताचा नेता उठून हरकतीचा मुद्दा मांडतो की या मतदानाला साधं बहुमत पुरतं. पीठासीन अधिकारी नियम बघून सांगतात, नाही पुरत. नेता त्या निर्णयाला आव्हान देतो आणि हे आव्हान साध्या बहुमताने ठरतं. ५१ जण म्हणाले की पुरतं, तर पुरतं. तेच नवं उदाहरण, पुढे सगळ्यांना लागू. तिथे याला न्यूक्लिअर ऑप्शन म्हणतात, कारण एकदा वापरलं की समोरचाही वापरणार. थोडक्यात, ६० ची भिंत ५१ जणांच्या मर्जीवर उभी आहे. ती अजून उभी आहे कारण त्या ५१ जणांना उद्या आपण ४९ होऊ याची धास्ती वाटते.

दोन्ही बाजू खरं बोलतात

ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्याबद्दल एक आख्यायिका आहे, खरी असल्याचा पुरावा नाही. सिनेट कशाला हवी असं जेफरसनने विचारलं, तर वॉशिंग्टन म्हणाले, तू कपातलं बशीत का ओतलंस? जेफरसन म्हणाला, गार व्हायला. सिनेट ही ती बशी. बशीतून चहा फुरकणाऱ्या आपल्या घरांत हे वेगळं समजावायला नको. शिवाय ६० च्या अटीमुळे कधीकधी खरोखर तडजोडी होतात. २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदा सिनेटमध्ये ६९ मतांनी गेला. आणि ज्या बंदुकांच्या प्रश्नापासून मी सुरुवात केली, त्यावरही २०२२ मध्ये टेक्सासमधल्या उव्हाल्डे शाळेतल्या हत्याकांडानंतर एक मर्यादित कायदा ६५ मतांनी झाला. दर चार वर्षांनी सत्ता बदलली की सगळे कायदे उलटेपालटे होऊ नयेत ही भीती खोटी नाही.

गंमत नव्हे, दुःख असं की हा युक्तिवाद करणारे लोक खुर्चीबरोबर बदलतात. २०१७ मध्ये दोन्ही पक्षांच्या ६१ सिनेटरांनी विधेयकांवरचा फिलिबस्टर राखा असं पत्र लिहिलं. जानेवारी २०२२ मध्ये डेमोक्रॅटांनी मतदान-हक्काच्या विधेयकापुरता नियम बदलायचा प्रयत्न केला तेव्हा त्या पत्रावर सह्या केलेले अनेक डेमोक्रॅट बदलाच्या बाजूने उभे होते. प्रयत्न ४८ विरुद्ध ५२ ने फसला, कारण मँचिन आणि कर्स्टन सिनेमा यांनी आपल्याच पक्षाला साथ दिली नाही. बराक ओबामांनीही सिनेटर असताना २००५ मध्ये फिलिबस्टरची बाजू घेतली होती. २०२० मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांच्या अंत्यविधीत ते त्याला वंशभेदी काळाचा अवशेष म्हणाले.

२०२५ मध्ये चित्र पुन्हा फिरलं. रिपब्लिकनांकडे ५३ जागा होत्या. आरोग्यविम्याच्या सवलती चालू ठेवा म्हणून डेमोक्रॅटांनी खर्चाचं विधेयक अडवलं. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस केंद्र सरकार अर्धं बंद राहिलं, तोवरचा सर्वांत लांब काळ. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले, गरिबांच्या अन्नमदतीवर गदा आली. ट्रम्प यांनी फिलिबस्टर उडवून टाका असा लकडा लावला. त्यांच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते जॉन थून यांनी नकार दिला. शेवटी आठ विरोधी सिनेटर फुटले तेव्हा ६० चा आकडा जमला.

काढा म्हणणारे राज्यांचं गणित मांडतात. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाख आहे, कॅलिफोर्नियाची साधारण चार कोटी. दोघांनाही दोनच सिनेटर. सर्वांत लहान २१ राज्यांत देशाची जेमतेम ११ टक्के लोकसंख्या राहते आणि त्यांच्या ४२ सिनेटरांना काहीही रोखता येईल. गणित बरोबर आहे, पण प्रत्यक्षात ही राज्यं एकगठ्ठा मत देत नाहीत. व्हरमाँट, डेलावेअर, हवाई डेमोक्रॅट, तर वायोमिंग, आयडाहो रिपब्लिकन. म्हणून हा मुद्दा मी थोडा हात राखून वापरेन.

त्याहून खरा मुद्दा असा की दार बंद ठेवल्याने स्थिरता येत नाही, माणसं खिडकीतून आत येतात. लहानपणी आईवडिलांबरोबर बेकायदा आलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देणाऱ्या ड्रीम अॅक्टला १८ डिसेंबर २०१० रोजी सिनेटमध्ये ५५ मतं मिळाली, विरोधात ४१. तो तिथेच मेला. मग २०१२ मध्ये ओबामांनी प्रशासकीय आदेशाने त्या मुलांना तात्पुरतं संरक्षण दिलं. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ते मागे घेतलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते मागे घेणं रोखलं. ती मुलं आज तिशी-चाळिशीत आली आणि अजून त्यांच्याकडे कायदा नाही, आदेश आणि तारखा आहेत. ५५ मतांनी कायदा झाला असता तर तो बदलायला पुन्हा दोन्ही सभागृहं लागली असती. आदेश एका सहीने बदलतो.

दुरुस्ती करायचीच तर कुठे

सुधारणेचे प्रस्ताव बरेच आहेत. डेमोक्रॅट सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९५ मध्ये पायऱ्यांची योजना मांडली होती: पहिल्या वेळी ६० मतं, मग ५७, मग ५४, शेवटी ५१. वेळ मिळेल, कायमचा नकार मिळणार नाही. ही मला आवडते, बशी या शब्दाला ती जागते. विधेयक चर्चेला घेण्यावरच फिलिबस्टर करता येतो, निदान तो तरी बंद करा, असंही सुचवलं जातं. त्याला विरोध करण्याचं प्रामाणिक कारण मला सुचत नाही. एखाद्या विषयापुरती सूट द्या, हा प्रस्ताव मात्र फसवा वाटतो. मतदान-हक्काला सूट दिली की पुढचा पक्ष त्याच्या जिव्हाळ्याच्या विषयाला सूट देणार आणि सूट हाच नियम होणार.

सर्वांत लोकप्रिय मागणी म्हणजे बोलायला लावा, पूर्वीसारखं उभं राहू द्या. भावना समजते. पण १९६० च्या खाटा आठवा. नुसतं बोलायला लावलं तर मूठभर लोक पाळ्या लावतील आणि जागरण बहुमताला घडेल. त्याच्यासोबत ओझंही फिरवायला हवं. आज चर्चा संपवणाऱ्यांना ६० जमवावे लागतात. अडवणारा सभागृहात नसला तरी चालतं, गैरहजेरीसुद्धा त्याच्याच बाजूने मोजली जाते. हे उलटं करा. चर्चा चालू ठेवायची असेल त्यांनी दर वेळी ४१ जण सभागृहात उभे करावेत. रात्री दोन वाजता मत पुकारलं तर रात्री दोन वाजता. ४० च आले तर चर्चा संपली.

आकड्यांत हा फरक नगण्य वाटतो, १०० मधून ६० वजा केले की ४० उरतात. माणसांच्या वागण्यात तो प्रचंड आहे. ज्याला एखादी गोष्ट खरोखर आपल्या राज्याच्या मुळावर येणारी वाटते तो रात्री दोनला येईल, महिनाभर येईल आणि त्याने यावंच, अल्पमताचं ऐकून घेतलंच पाहिजे. पण ज्याचा विरोध केवळ पक्षाच्या सोयीचा आहे तो तिसऱ्या रात्री विमान पकडून घरी जाईल. आणि जे थांबतील त्यांना कशासाठी थांबलो ते मतदारांसमोर सांगावं लागेल. वेळ बहुमताचाही जाईल, म्हणून तेही किरकोळ विधेयकांसाठी हा घाट घालणार नाहीत. काढून टाकण्यापेक्षा हे आधी करून बघावं असं मला मनापासून वाटतं. एवढं करूनही देश अडलाच, तर ५१ चा मार्ग आहेच, तो कुणी कुठे नेलेला नाही.

वयस्कर सिनेटरांना मध्यरात्री बोलावणं क्रूर आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून १० जून १९६४ चा दिवस सांगावासा वाटतो. नागरी हक्क विधेयक अडून कामकाजाचे ६० दिवस झाले होते. रॉबर्ट बर्ड रात्रभर, १४ तासांहून जास्त, त्याच्याविरुद्ध बोलून सकाळी खाली बसले. मग क्लोचरवर नावं पुकारली जाऊ लागली. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकांच्या खुर्चीतून आणले गेले होते. मेंदूत गाठ होती, शस्त्रक्रिया होऊनही वाचा गेली होती. त्यांचं नाव पुकारलं, बोलता येईना. त्यांनी हात कसाबसा उचलून बोट आपल्या डोळ्याकडे नेलं. सिनेटमध्ये होकार देताना 'आय' म्हणतात आणि इंग्रजीत डोळ्यालाही 'आय'च म्हणतात. लेखनिकाने मत होकारार्थी नोंदवलं. ७१ विरुद्ध २९. चर्चा संपली. २ जुलैला कायद्यावर सही झाली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला एंगल गेले.